उचल की उचला?

"उचला!" ताई म्हणाल्या, आणि सोफा तिन्ही बाजूंनी एकदम वर गेला, हवेत अर्धी गिरकी घेऊन विंगेच्या खांबावर आपटला आणि सुताराच्या डाव्या पायावर विसावला.

सुतार ओरडला नाही. त्याने डोळे मिटले आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. कंडक्टरने आपलं टोक केव्हाच सोडून दिलं होतं आणि हात कमरेवर ठेवून तो झाल्या प्रकाराशी आपला काही संबंध नसल्यासारखा छताकडे बघत होता. जावई मात्र अजून आपलं टोक छातीशी धरून उभे होते. त्यांना 'उचला' सांगितलं होतं आणि 'ठेवा' अजून कुणी सांगितलं नव्हतं.

समोरच्या रिकाम्या खुर्च्यांमधून दिग्दर्शकाचा आवाज आला.

"ताई, व्हायोलिनवाला तीच धून तिसऱ्यांदा वाजवतोय. बोटं दुखली म्हणतो त्याची."

"पुन्हा एकदा करू," ताई म्हणाल्या.

"करा. पण शनिवारी पहिला प्रयोग आहे. तोवर धून संपायच्या आत सामान हललं नाही, तर मला ठेकेदाराची माणसं बोलवावी लागतील. मग राग मानायचा नाही."

राग मानायचा नाही असं म्हणून कुणाचा राग थांबला आहे? ताईंचा तर मुळीच नाही. दुसरा अंक एका घराच्या बैठकीच्या खोलीत संपायचा आणि तिसरा इस्पितळात उघडायचा. मधल्या अंधारात, व्हायोलिनच्या एका धुनेत, घर बाहेर न्यायचं आणि इस्पितळ आत आणायचं. बाकी सगळं हाताशी होतं, अडचण होती ती सोफ्याची. भरीव लाकडाचा, एखाद्या होडीएवढा, आणि अडून बसण्यात नाटकातल्या हट्टी म्हाताऱ्या बापाच्याही वरताण.

ताईंची जुनी टोळी असती तर हा सोफा एव्हाना शीळ घालत बाहेर गेला असता. त्या तिघांना ताईंच्या कमरेच्या किल्ल्यांच्या आवाजावरून कळायचं, आता काय करायचं ते. पण एकाचे गुडघे गेले, दुसरा लेकाकडे राहायला गेला, आणि तिसऱ्याने चपलांचं दुकान टाकलं. मग नवी टोळी जमली ती अशी. सुतार नाट्यगृहातलाच; पण आयुष्यभर त्याने सामान बनवलं, उचललं कधी नाही. कंडक्टरची बस बंद झाली म्हणून तो आला; आणि गप्प बसणं त्याला नोकरीत कधी शिकवलंच नव्हतं. तिसरे ताईंचे जावई. त्यांचं ऑफिस बंद पडलं, महिनाभर ते घरात वर्तमानपत्राच्या घड्या घालत बसले, आणि शेवटी लेकीने फोन करून सांगितलं, "आई, याला कुठेतरी ने. घरातली कपाटं आवरून आवरून वेडा होईल हा."

पायावरून सोफा निघाल्यावर सुताराला वाचा फुटली.

"ताई, एक विचारू?"

"विचार."

"मला तुम्ही काय म्हणता? उचल. याला काय म्हणता? उचल. आणि जावईबापूंना?"

ताईंनी कमरेच्या किल्ल्या उगाच सारख्या केल्या.

"उचला," कंडक्टरने उत्तर पुरवलं.

"मग आत्ता 'उचला' म्हणालात ते कुणाला? मी समजलो सगळ्यांना. सगळ्यांना सांगायचं तरी 'उचला'च म्हणतात ना?"

ताईंनी सांगितलं ते फक्त जावयांना होतं. आधी त्यांनी टोक उचलायचं, मग दोघांनी सोफा फिरवायचा, असं ठरलं होतं. पण सुताराचं बोलणं खोडून काढता येईना. जावई एकटे, पण मानाने अनेकवचनी. आणि बाकीचे दोघं मिळूनच काय ते अनेकवचन. भाषेने असा पेच टाकलेला, आणि खाली सुताराचा पाय.

जावयांनी घसा साफ केला. "आई, माझ्यासाठी 'अहो' कशाला? मलाही 'उचल' म्हणा ना."

"असं कसं म्हणेन?" ताई म्हणाल्या, आणि स्वतःच लाजल्या.

दुपारी प्रॉपर्टीच्या खोलीत चहा झाला. नाटकातल्या वस्तू ठेवायची ती जागा. एका भिंतीला तलवारी, दुसरीला कंदील, मध्ये एक खोटा पुतळा. ताईंनी थर्मास उघडला. सुताराला स्टीलचा ग्लास, कंडक्टरला स्टीलचा ग्लास, स्वतःला थर्मासचं झाकण. मग पिशवीतून कागदात गुंडाळलेली कपबशी निघाली. नाजूक, निळ्या काठाची. ती जावयांच्या हातात गेली. कंडक्टरने सुताराकडे बघितलं, सुताराने पुतळ्याकडे.

संध्याकाळी लेकीने आईला फैलावर घेतलं.

"पाच वर्षं झाली लग्नाला. अजून तू त्याला आल्यावर पंखा लावून देतेस. ट्रेमधून चहा देतेस. तो बिचारा आपल्या घरी टेकून बसतसुद्धा नाही, माहितेय तुला? पाठ ताठ करून बसतो."

"मान नको द्यायला?"

"मान देता देता दारातच उभा ठेवलायस त्याला, आई. जरा आत घे की."

ताईंनी ओटा दोनदा पुसला. दुसऱ्यांदा पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वेगळा उपाय केला. सगळ्यांनाच 'अहो'.

"अहो सुतार, जरा पुढे या. अहो कंडक्टर, तुम्ही डावीकडून धरा."

कंडक्टरला गंमत वाटली. सुताराचा चेहरा मात्र उतरला. त्याने टोक खाली ठेवलं, हात पुसले आणि हळूच ताईंजवळ आला.

"माझं काही चुकलं का, ताई?"

"नाही रे. का?"

"मग 'अहो' का म्हणताय? इतक्या वर्षांत कधी म्हणाला नाहीत. काढून टाकायचं असेल तर सरळ सांगा."

तो उपाय तिथेच संपला. मग ताईंनी खरोखर मनावर घेऊन जावयांना एकेरीत हाक मारायचा प्रयत्न केला. विंगेत उभं राहून, श्वास घेऊन, "अरे," त्या म्हणाल्या, आणि पुढचं "उच... उचलता का जरा?" असं बाहेर आलं. कंडक्टर इतका हसला की त्याला पायरीवर बसावं लागलं. तालीम त्या दिवशीही धुनेच्या बाहेर गेली. त्यात मधेच सुतार आणि जावई यांची जुंपली, कारण जावयांनी नेहमीच्या सवयीने "आधी तुम्ही", "नाही, आधी तुम्ही" करत वाट अडवून धरली, आणि सुतार भर अंधारात ओरडला, "अरे सरक ना गाढवा!"

सगळे थिजले. दिवे लागले तेव्हा सुतार घामाने डबडबला होता. जावई मात्र चष्मा पुसत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. घरी जाताना ते ताईंना म्हणाले, "आई, आज सुतार मला गाढवा म्हणाला." शाळेत बक्षीस मिळाल्यासारखा सूर होता. ताईंना ते कळलंही आणि थोडं लागलंही. सुताराला दोन दिवसांत जमलं ते त्यांना पाच वर्षांत जमलं नव्हतं.

रात्रभर विचार करून त्यांनी ठरवलं, बोलायचंच नाही. म्हणजे 'उचल'ही नको नि 'उचला'ही नको.

"मी खोकेन," त्यांनी सकाळी जाहीर केलं. "एकदा खोकले की उचलायचं. दोनदा खोकले की ठेवायचं."

"नाही जमणार," कंडक्टर म्हणाला.

"का?"

"ताई, आयुष्य गेलं माझं. एक घंटा म्हणजे थांबा, दोन घंटा म्हणजे चला. एकदा खोकलात तर माझे पाय जागचे हलणार नाहीत. माझ्या हातात नाही ते."

करून बघितलं, आणि खरंच त्याच्या हातात नव्हतं. ताई एकदा खोकल्या. दोघं चालू लागले, कंडक्टर खांबासारखा उभा. त्याला बदलण्यापेक्षा खोकला बदलणं सोपं होतं. दोनदा खोकला म्हणजे उचलायचं, एकदा खोकला म्हणजे ठेवायचं, असं ठरलं. कंडक्टर एकदम खूश झाला. त्या दिवसापासून तो कमी बोलू लागला, हे एक आश्चर्यच.

मग बाकीच्याही गोष्टी आपोआप जागेवर बसायला लागल्या. सुताराने सोफ्याच्या पोटाखाली धरायला दोरीची कडी लावली आणि कुणी न सांगता जावयांच्या बाजूची कडी जरा वर लावली, कारण ते उंच होते. जावयांनी सुचवलं की सोफा मुळातच थोडा तिरका मांडला, तर फिरवावा लागणार नाही, तिघं एकदम उचलून सरळ बाहेर पडू. दिग्दर्शकाला तिरका सोफा जास्त आवडला, म्हणजे ते पथ्यावर पडलं. जावयांचे बूट वाजायचे म्हणून त्यांनी ते काढले; दुसऱ्या दिवशी तिघंही अनवाणी. ताईंनी त्यांना जुन्या टोळीची युक्ती शिकवली: अंधार व्हायच्या आधीपासून विंगेत डोळे मिटून उभं राहायचं, म्हणजे अंधारात वाट दिसते. तेव्हापासून दुसऱ्या अंकाच्या शेवटी ती तीन माणसं काळ्या पडद्याआड हारीने डोळे मिटून उभी राहायची, कान तेवढे समोरच्या विंगेतल्या ताईंच्या खोकल्याकडे.

तरीही शुक्रवारच्या तालमीत धून संपली आणि इस्पितळाची खाट अजून अर्ध्या वाटेवर होती. दोघं एका क्षणी उचलायचे, तिसरा पुढच्या. चूक बोट दाखवावं एवढी मोठी नव्हती, पण होती. दिग्दर्शक फोन घेऊन बाहेर गेला. तो कुणाला लावला, हे विचारायची ताईंची छाती झाली नाही.

शनिवारी दुपारी नाट्यगृह भरलं. हवा बदलायचे दिवस होते. निम्मं प्रेक्षागृह शिंकत होतं, निम्मं रुमाल शोधत होतं. लेक पाचव्या रांगेत बसली होती. ताईंनी पडद्याच्या फटीतून तिला एकदा बघून घेतलं. आज जमलं नाही तर उद्यापासून तिचा नवरा पुन्हा वर्तमानपत्राच्या घड्या घालणार होता. आणि ही टोळी मोडणार होती. मोडली तर वाईट वाटेल, हे त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा स्वच्छ कळलं.

दुसरा अंक रंगला. म्हाताऱ्या बापाचं काम अण्णा करायचे. अंगाने काडी, आवाज नगाऱ्याचा. मुलं घर विकायला निघालेली, आणि बाप सोफ्यावर ठाण मांडून बसलेला. मागच्या भिंतीवर त्याच्या गेलेल्या बायकोचा फोटो.

"ऐका रे," अण्णा गरजले. "मी या सोफ्यावरून उठणार नाही. कुणाची माय व्याली आहे मला इथून हलवायला?"

यानंतर मोठा विराम होता. अण्णांचे विराम प्रसिद्ध होते. प्रेक्षागृह चिडीचूप झालं, आणि त्या शांततेत तिसऱ्या रांगेतला एक जाडजूड गृहस्थ खोकला.

दोनदा.

काळा पडदा सरकला. तिघं अनवाणी बाहेर आले. मिटलेले डोळे उघडेपर्यंत त्यांचे पाय चालू लागले होते, आणि दिवे लागलेले आहेत हे लक्षात येईपर्यंत हात कडीत गेले होते. सोफा उचलला गेला. आठवडाभर ज्याने रडवलं तो सोफा, वर अण्णांसकट, एका क्षणी, एका दमात, पाण्यातून वर यावा तसा अलगद वर आला. अण्णांच्या मांडीवरचं वर्तमानपत्रसुद्धा सरकलं नाही.

प्रेक्षकांत कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळं नाट्यगृह फुटलं.

समोरच्या विंगेत ताईंनी पडद्याची कड घट्ट धरली. एकदा खोकायचं, बस, एवढंच काम होतं. पण रोज खोकून खोकून तयार केलेला घसा ऐन वेळी कोरडा ठणठणीत. तोंड उघडलं, खोकला आला नाही. सोफा बाहेरच्या वाटेला लागला होता. टोकाला जावई होते, त्यांचे डोळे भीतीने मोठे झालेले, पण हात पक्के.

"अरे, ठेव!" ताई ओरडल्या.

सोफा थांबला आणि खाली आला. तिन्ही टोकं एकाच वेळी, इतकी हलकेच की लाकडाचा आवाजही झाला नाही.

अण्णांनी सावकाश मान वळवली. आवाज आला त्या विंगेकडे बघितलं, मग भिंतीवरच्या बायकोच्या फोटोकडे, मग प्रेक्षकांकडे.

"बघितलंत?" ते म्हणाले. "जाऊन इतकी वर्षं झाली. पण घरात अजून हिचंच चालतं."

टाळ्या थांबेनात. त्या गडबडीत तिघं एकामागून एक विंगेत पसार झाले. कंडक्टर जाता जाता सवयीने "चला, पुढे चला" म्हणाला, त्यालाही टाळी पडली.

मग खरा अंधार झाला. ताईंचा खोकला आता कुठे आला. घर बाहेर गेलं, इस्पितळ आत आलं, खाटेवरची चादर सरळ झाली, आणि व्हायोलिनवाला अजून वाजवत होता. सगळं तयार होऊन सगळे वाट बघत होते, आणि त्याची धून उरली होती.

नाटक संपल्यावर ताई प्रॉपर्टीच्या खोलीत उलट्या ठेवलेल्या पेटीवर जाऊन बसल्या. सामान वेळेत हललं होतं, पण त्याआधी भर प्रकाशात नटाला सोफ्यासकट उचलून नेणारी टोळी कोण ठेवेल? खिडकी नसलेल्या त्या खोलीत भिंतीवरचा एकच दिवा जळत होता. तिघं समोर उभे होते, पकडलेल्या चोरांसारखे. पण चोरांना गप्प राहता येतं.

"ताई," सुतार म्हणाला, "ते 'अरे' मला ना?"

"तुला कशाला?" कंडक्टर म्हणाला. "बघितलं माझ्याकडे. डोळ्याला डोळा भिडला."

"इतकी वर्षं 'अरे' मलाच म्हणतात."

"जवळचं टोक माझं होतं," जावई हळूच म्हणाला.

तिघांनी ताईंकडे बघितलं. ताईंनी खरोखर आठवून बघितलं. त्यांच्या डोळ्यांसमोर सोफा आला, दिवे आले, सहा हात आले. त्यातले कुठले कुणाचे, ते काही केल्या आठवेना.

"मला काय माहीत," त्या म्हणाल्या. "तोंडातून गेलं."

त्यांनी थर्मास उघडला. पिशवीतून कपबशी काढली आणि वर बघतात तो जावयाने स्टीलचा ग्लास आधीच पुढे केलेला. त्यांनी त्यात चहा ओतला. तो बाकीच्या दोघांशेजारी पुतळ्याला पाठ टेकवून बसला आणि फुंकर मारून मोठा घोट घेतला. निळ्या काठाची कपबशी ताईंच्या हातात तशीच राहिली.

दारात दिग्दर्शक आला. ताई उठून उभ्या राहिल्या. हातात कपबशी होतीच, ती त्यांनी भरून त्याला दिली.

त्याने एक घोट घेतला, मग सगळ्यांच्या हातांकडे बघितलं.

"मला एकट्यालाच बशी?"

"पाहुण्यांना असते," जावई म्हणाला.

सुताराला ठसका लागला.

"हे बघा," दिग्दर्शक म्हणाला, "त्या सोफ्याचं आता असं करायचं. रोज करायचं. अण्णा म्हणतात, हे काढलं तर मी काम सोडतो. तुम्ही तिघांनी रोज त्याच जागी यायचं. आणि ताई, तुम्ही रोज ओरडायचं."

"आणि ठेकेदाराची माणसं?" ताईंनी विचारलं.

"कुठला ठेकेदार?" दिग्दर्शक म्हणाला, आणि त्याने बशी तोंडाला लावली. "फक्त शब्द तेच हवेत हं. 'अरे, ठेव.' उद्या घाबरून 'ठेवा' म्हणू नका."

"का? तिघं असतात ना ते?"

"असतील. पण 'ठेवा' म्हटलं की हमालांना सांगितल्यासारखं वाटतं. 'ठेव' म्हटलं की घरातलं वाटतं."

तो गेला. कंडक्टरने आपला ग्लास पेटीवर दोनदा वाजवला, म्हणजे निघूया. जावयाने पुतळ्याआडून बूट शोधून काढले, त्यातला एक सुताराच्या पायात निघाला, त्यावरून पुन्हा थोडी बाचाबाची झाली. बाहेर लेक वाट बघत असणार. ताईंनी थर्मासचं झाकण लावलं, रिकामी कपबशी कागदात गुंडाळली, आणि ती पिशवीत न ठेवता फळीवर कंदिलांच्या शेजारी ठेवून दिली. पाहुणे आले की लागेल. मग पिशवी खांद्याला लावून त्या दारापर्यंत गेल्या आणि मागे न बघता म्हणाल्या,

"अरे, दिवा घालव आणि ये."

तिघंही उठले.